झाकणाचे झिंगे

(मारेगावजवळच्या शेतातलं घर, मागचं अंगण. दुपार. चहूकडे फुटलेला कापूस. सुरभी आणि शेजारच्या वावरातली लालीबाई चुलीपाशी.)

लालीबाई : मी तुले दिवाळीतच सांगतलं होतं, सुरभी. सासऱ्यासमोर समुद्राच्या गोष्टी काढू नको. मारोतभाऊ नुसते सांगत नाही बसत, उठून चालाले लागते.

सुरभी : सांगितलं होतंत, काकू. मीच हसण्यावारी नेलं. वाटलं, तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस, चार आठवणी सांगतील, वैष्णवी ऐकता ऐकता झोपेल. ते खरंच काल बोट पकडायला निघतील असं कुठे वाटलं होतं?

लालीबाई : पुलावर दिसले मले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. म्हनते, लाली, बोट सुटून राह्यली.

सुरभी : कालपासून दर दहा मिनिटांनी उठून बघते मी. वैष्णवी तान्ही असताना तिचा श्वास बघायचे ना, तसं.

लालीबाई : अन् तुहा नवरा, अतुल, काय म्हनते?

सुरभी : ते बघा, खिडकीत ठेवून गेलाय. नवं कुलूप. म्हणे, तू पोरीला अंगणवाडीतून आणायला जाशील तेव्हा बाहेरून लावत जा. आजपासूनच.

लालीबाई : लावशीन?

सुरभी : लावावं लागू नये म्हणून तर हा सगळा घाट घातला, काकू. त्यांचा तो जहाजावरचा पदार्थ, झाकणाचे झिंगे, इथेच, अंगणात शिजताना दिसला, तर कदाचित बोट शोधायला जाणार नाहीत.

मारोतराव : (घरातून बाहेर येत) दूध कोन ओतून राह्यलं तिकडं? हात थांबू देऊ नका. बुडाले लागलं का कप्तान चार दिवस तोंड पाहत नाही.

सुरभी : मी आहे, बाबा. लोण्यात मैदा भाजलाय, आता दूध घालते.

मारोतराव : धारेनं घाल. हां. साय शेवटी, मिरे त्याच्याही मांगून. नवीन हायेस का तू या जहाजावर?

सुरभी : सहा वर्षं झाली, बाबा.

मारोतराव : मंग जमन तुले.

लालीबाई : घ्या! सहा वर्षानं नोकरी पक्की झाली सुनेची.

मारोतराव : झिंग्याच्या पाठीतला काळा दोरा काढला का?

लालीबाई : एकेकाचा काढला, भाऊ. भोईणीनं सकाळीच नदीतून आनले. बोटाएवढे हायेत.

मारोतराव : बोटाएवढे? आमच्याकडे मनगटाएवढे येत. पन नदीचा झिंगा गोड असते, नाव नाही ठेवाचं. बाहेर पाहा बरं, केवढा फेस आला आज पान्यावर.

लालीबाई : फेस कायचा? कापूस हाय, भाऊ. तुमच्याच वावरातला.

मारोतराव : हाव? मंग कोनी वेचून काहून नाही राह्यलं?

सुरभी : उद्या बाया येणार आहेत.

मारोतराव : उद्यापर्यंत लाट निघून जाते, पोरी.

लालीबाई : ऐकत नको बसू, सुरभी. गंज भर. रस्सा थंडा झाला, झिंगे टाकले, आता वरतून झाकन घाल तुह्यं.

सुरभी : मैद्याच्या कणकेत लोण्याच्या घड्या घालून लाटलंय. बघा, पातेल्याच्या तोंडावर बरोबर बसलं. कडा सगळ्या दाबून टाकते, एक थेंब बाहेर यायला नको.

मारोतराव : थांब. सुरी आन.

सुरभी : काय झालं?

मारोतराव : मधात चीर दे.

सुरभी : साय उतू जाईल ना, बाबा! घट्टच असू दे.

मारोतराव : नाही जात. वाफीले वाट दिसली का वाफ निवांत राहते. एकडाव मीबी घट्ट दाबलं होतं. झाकन उडालं थे छताले चिकटलं. बंदर येईपर्यंत थे तथीच होतं, सगळे वर पाहू पाहू जेवत.

लालीबाई : हसू नको, दे चीर. काहून थांबली?

सुरभी : काही नाही. देते.

लालीबाई : आन इकडं. आपल्याकडं कुठं भट्टी हाय? रोडगे भाजतो तसं करू. खाली गोवऱ्याचे निखारे, वर तवा, तव्यावर पुन्हा निखारे.

मारोतराव : हा धूर जहाजाचा नाही.

सुरभी : नाही, बाबा.

मारोतराव : रोडग्याचा हाय. मी घरी हाव का?

सुरभी : घरीच आहात.

मारोतराव : मंग सांगत जा ना मले. मधीच कुठं हाव थे ध्यानात राहत नाही. म्हनून उठून पाहाले जातो. कापूस दिसला का वापस येतो.

सुरभी : आणि काल?

मारोतराव : काल दार लोटलं होतं कोनं तरी. आतून काहीच दिसे ना. मंग लय दूर जाऊन पाहा लागलं.

लालीबाई : सुरभी? अवं, धुरानं डोळे भरले का तुह्ये?

सुरभी : मीच लोटलं होतं, काकू. जाऊ नयेत म्हणून.

लालीबाई : तवा उचल. करपन.

सुरभी : बाबा, घ्या. फुंकून खा. कसं झालंय?

मारोतराव : झाकन मस्त फुटते. मीठ कमी हाय.

लालीबाई : कप्तान तुमीच मंग!

सुरभी : अंगणवाडी सुटली असेल, काकू, निघते मी. निखाऱ्यांवर राख टाकलीय. बाबांची खुर्ची दारात मांडलीय, कापसाकडे तोंड करून.

लालीबाई : मलेबी माह्या वावरात वेचाले जाचं हाय. अन् कुलूप?

सुरभी : कापसाच्या खोलीला लागेल ते. तुमच्या बांधावरून आमचं दार दिसतं ना? उघडंच ठेवलंय मी. वेचता वेचता मधूनमधून मान वर करून बघाल, बाबा बसलेत का?