पाहुण्या राणीसाहेबांनी खाली ठेवलेल्या कपाबाबत

मी मुफ्लिह बिन जदआन, वय ६७ वर्षे, धंदा निवृत्त शिक्षक, राहणार ऐन सुवैद, ठाण्यात बोलावल्यावरून आज समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी राहतो. गावच्या शाळेत मी इंग्रजी व इतिहास शिकवला. सभांमधून बोलतो. त्यावरून पूर्वी दोनदा या ठाण्यात येऊन गेलो आहे, त्याचा आजच्या जबाबाशी संबंध नाही. पाहुण्या राणीसाहेबांचे व त्यांच्या देशाचे नाव लिहायचे नाही असे फौजदार खलफ यांनी सांगितल्याने मी त्यांना नुसते राणीसाहेब म्हणतो.

राणीसाहेब आमच्या देशाच्या दौऱ्यावर असून मंगळवारी दुपारी आमच्या गावचे प्रमुख शेख हायिल यांच्या तंबूत कॉफीला येणार, असे आठवडाभर आधी कळले. त्या चव्वेचाळीस वर्षे गादीवर आहेत. मी त्यांच्या दौऱ्यांबद्दल मिळेल ते वाचले आहे. नव्वदहून जास्त देश त्यांनी पाहिले. कुठे हत्ती भेट मिळाला, कुठे शहराच्या किल्ल्या. त्यांनी स्वतः कुठे काय म्हटले ते मी शोधत होतो. ‘आपल्या स्वागताने आनंद झाला’ यापलीकडे मला काही सापडले नाही. याचे मला कुतूहल होते.

गावालाही होते. शेखांची सून म्हणाली, “एवढी फिरते, मग घर कोण बघतं तिचं?” कॉफी वाटणारा मनीफ म्हणाला, “आणि ती हातातली पिशवी कशाला? नोकर एवढे, नि पिशवी स्वतः धरते. काय असेल गं आत?” सून म्हणाली, “घराची किल्ली. दुसरं काय असणार?”

इंग्रजी येत असल्याने दुभाषा म्हणून मला बसवले. आदल्या दिवशी राणीसाहेबांच्या ताफ्यातील, चांदीच्या बटणांचा कोट घातलेले एक गृहस्थ तंबू पाहायला आले. मी त्यांना सांगितले की राणीसाहेबांनी निदान एक घोट घ्यावा आणि ‘पुरे’ म्हणून रिकामा कप हलवून परत द्यावा. ते म्हणाले, “दौऱ्यावर त्या बाहेरचं काही पीत नाहीत. कप हातात घेतील, हसतील, खाली ठेवतील. सगळीकडे तसंच करतो.”

मी म्हणालो, “इथे तसं करू नका.”

ते म्हणाले, “गुरुजी, आम्ही हे काम बरीच वर्षं करतोय.”

आमच्याकडे पाहुण्याने भरलेला कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचे असते. यजमान ‘प्या, मागाल ते झालं’ म्हणेपर्यंत तो कपाला हात लावत नाही. हे या ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जबाब राजधानीत जाणार असल्याने फौजदारांनी ते लिहून घेतले.

मंगळवारी राणीसाहेब आल्या. मनीफने कप दिला. त्यांनी तो हसून घेतला आणि समोर गालिच्यावर ठेवला. तंबूतले बोलणे थांबले. शेख हायिल यांचे वय ऐंशीच्या वर आहे. ते गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकले व म्हणाले, “आमच्या घरची पाहुणी काय मागते? सांग, आणि कॉफी पी.”

मी ते इंग्रजीत सांगितले. कप खाली ठेवण्याचा अर्थही सांगितला. कोटवाले गृहस्थ त्या वेळी तंबूबाहेर छायाचित्रकाराला जागा दाखवत होते. राणीसाहेब मला म्हणाल्या, “म्हणजे मी काही मागितलंच पाहिजे?”

“होय. न मागता, न पिता उठलात तर या घराची मान खाली जाईल.”

त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मला लोक विचारतात ते प्रवास कसा झाला एवढंच.” मग कपाकडे पाहत त्यांनी विचारले, “माझ्या जागी तुम्ही असता तर काय मागितलं असतं?”

मी त्यांना फर्राजच्या माणसांबद्दल सांगितले. ते येथेही सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवामागे गावातलाच फर्राज मालमोटार मागे घेत होता. शेखांचा मुलगा सत्ताम चाकाखाली आला व जागीच वारला. कोर्टाने फर्राजला शिक्षा दिली, ती त्याने भोगली. त्याच्या आजीला, चुलत्यांना, बहिणीच्या पोरांना कोर्टाने कसलीच शिक्षा दिली नव्हती. त्यांना गाव सोडायला आम्ही लावले, रिवाज म्हणून. अकरा घरांना सहा वर्षे कुलपे आहेत. रदबदलीला मी तीनदा माणसे घेऊन शेखांकडे गेलो. तीनदा आमचे कप गालिच्यावर थंड झाले आणि शेख उठून आत गेले. गावच्या माणसाला ते नाही म्हणू शकतात. दुरून आलेल्या पाहुण्याला त्या घराने नाही म्हटल्याचे कोणी ऐकलेले नाही.

(येथे मी शिक्षा कोणाला व्हावी आणि कोणाला होते याबद्दल बोललो. फौजदार म्हणाले, “मास्तर, भाषण नको, पुढे काय झालं ते सांगा.” तो भाग लिहिलेला नाही.)

राणीसाहेबांनी विचारले, “येताना कुलपं लावलेली घरं दिसली. तीच का?” मी हो म्हणालो. “दारांना ताजा रंग आहे.” मी म्हणालो, “आपण येणार म्हणून दिलाय.” मग म्हणाल्या, “मग तेच मागा.”

मी शेखांना आमच्या बोलीत सांगितले, “पाहुणी मागते की फर्राजची माणसं घरी यावीत.”

शेखांनी राणीसाहेबांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “मुफ्लिह, हे मागणं कोणाचं?”

मी म्हणालो, “कप कोणापुढे आहे ते बघा, शेख.”

त्यांनी डोळे मिटले. सत्ताम गेल्यापासून ते त्याचे नाव घेत नाहीत. त्या वेळी त्यांनी ते एकदा घेतले, मग राणीसाहेबांना म्हणाले, “पी, बाई. मागितलंस ते झालं.”

राणीसाहेबांनी कप उचलला व पूर्ण रिकामा केला. कप हलवायचा असतो हे त्यांना सांगायचे राहिले. त्यामुळे मनीफने पुन्हा भरला, त्या पुन्हा प्यायल्या. कोटवाले गृहस्थ आत आले तेव्हा तिसरा चालू होता. त्यांचा चेहरा पडला. मनीफ हळूच म्हणाला, “हिला थांबवा कोणीतरी, किटली संपेल.” शेखांनी रिकामी मूठ हलवून दाखवली. राणीसाहेबांनी तसाच कप हलवला. तंबूत सगळे हसले. शेखही हसले.

त्याच संध्याकाळी शेखांनी निरोप धाडला. बुधवारी सकाळी अकरा घरांची माणसे पिकअप गाड्यांतून निघाली. तोवर कोटवाल्या गृहस्थांनी तक्रार केली होती की राणीसाहेब दौऱ्यावर काही मागत नाहीत, कधीच नाही, त्यांनी कॉफीबद्दल आभार मानले एवढेच, बाकीचे दुभाषाने पदरचे घातले. त्यावरून गाड्या गावाबाहेरच्या नाक्यावर थांबवल्या. त्या आजही तिथेच आहेत. येथे येताना मी नाक्यावर उतरलो. फर्राजची आजी वद्हा गाडीच्या सावलीत बसली होती. ती म्हणाली, “मास्तर, चुलीचे दगडसुद्धा उचलून आणलेत. परत धाडायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे खाली उतरवत नाही.” मी तसाच ठाण्याकडे निघालो.

शेखांनी आपल्या जबाबात सांगितले आहे की, मागणे राणीचे असेल तर त्यांचा शब्द कायम आहे. मास्तरने मनचे घातले असेल तर शब्द दिलाच नव्हता असे धरावे. म्हणजे अकरा घरे आत येणार की परत जाणार, हे माझ्या या जबाबावर आहे. याची मला जाणीव आहे.

विचारल्यावरून सांगतो की, त्या घरांशी माझे नाते आहे. माझी धाकटी मुलगी शूमा तिथे दिलेली आहे. ती दुसऱ्या गाडीत होती. तिचा थोरला मुलगा मला ओळखत नाही. हे मी राणीसाहेबांना सांगितले नव्हते.

फौजदार म्हणाले, “मास्तर, वरून फोन आहे. ‘राणीसाहेबांनी काही मागितले नाही, माझा समज चुकला’, एवढं लिहू. तुमच्यावर काही येणार नाही. घरी जा.”

मी विचारले, “आणि गाड्या?”

ते म्हणाले, “ते माझ्या हातात नाही.” त्यांनी शिपायाला कॉफी आणायला सांगितली.

शिपायाने कॉफी आणली. मी कप घेतला आणि फौजदारांच्या टेबलावर, कागदाशेजारी ठेवला. फौजदार खलफ आमच्याच वाळवंटातले आहेत. ते म्हणाले, “असं नका करू. मी ड्युटीवर आहे.” मी कपाला हात लावला नाही. दारातला शिपाईही तसाच उभा राहिला. फौजदारांनी टोपी काढून ठेवली. बऱ्याच वेळाने, मला आमच्या रीतीने शूमाचा बाप अशी हाक मारून, म्हणाले, “काय मागता, अबू शूमा?”

मी म्हणालो, “राणी जे बोलली ते, ती बोलली तसं लिहा.”

ते म्हणाले, “प्या. झालं.”

म्हणून पुन्हा सांगतो की, राणीसाहेबांनी मला, “मग तेच मागा,” असे म्हटले. मी तेच मागितले. त्यात पदरचा शब्द घातला नाही. राणीसाहेब या तीन शब्दांबद्दल नाही म्हणत असतील तर मला समोर उभे करावे, त्यांनी ते माझ्याकडे बघून म्हणावे.

हा जबाब मला आमच्या बोलीत वाचून दाखवला. राणीसाहेबांचे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. सर्व मजकूर मी सांगितला तसा व खरा आहे. कॉफी थंड झाली होती. कप रिकामा आहे.

समक्ष
(सही) खलफ, फौजदार

(सही) मुफ्लिह बिन जदआन