बाजा उलथ्या, ढेकूण पेरूवर

तसं न्हाई साहेब, उभ्यानं काहून बोलून राहिले? बसा की बाजंवर. बिनघोर बसा! अशी साफ बाज जिल्ह्यात सापडायची न्हाई — कालच चारी पायांवर कढत पानी वतलं, उन्हात उलथी टाकली, सुतळी सोडून नव्यानं विणली. घरातल्या पाची बाजा तशाच. उशा सुदिक उसवल्या. एक ढेकूण दाखवा, प्रेमदास राठोड नाव सांगायचो न्हाई! तुमी रोपवाटिका तपासायला येनार म्हनून चार दिस झोपलो न्हाई आमी. झोपनार कशावर? बाजा समद्या उलथ्या.

मालकीन? हां... मालकीन म्हंजे आमची सून, दिपा. रोपवाटिका तिच्याच नावावर हाय, बराबर हाय तुमचं. शेतीची पदविका केलेली पोरगी — कलम बांधाया बसली की बघत ऱ्हावं. सही बी तिचीच लागती? तिचीच? माझी न्हाई चालत? सासरा हाय मी, सख्खा! ती गेली जरा साखऱ्याला, माहेरी. येईल आज-उद्या. काहून गेली? आता आमच्या घरातली गोष्ट तुमाला कशाला — बरं, सांगतो.

तुमच्या हापिसाचा कागद आला न्हवं का, तो मीच वाचला. चौथी पास हाय मी, त्या वक्ताची चौथी! त्यात लिव्हलेलं — ‘पिठ्या ढेकूण आढळल्यास प्रमाणपत्र मिळणार नाही’. माझं तर धाबंच दणाणलं. औंदा तांड्यातली बावीस घरं सीताफळ, पेरू लावून राहिली, खड्डे खंदून बसलीत मानसं, रोपं आपल्या दिपाचीच घेनार म्हनून — आन् सरकारी फळबाग योजनेत तर प्रमाणपत्रवालंच रोप चालतंय. मंग ते ढेकनापायी जाऊ द्यायचं? मी डोस्कं चालवलं. ढेकूण आला कुठून? आमच्याकडं गोधड्या. कापसाची गादी घरात एकच, दिपानं माहेराहून आनलेली. सापडला का न्हाई चोर?

म्हनलो तिला. हळूच म्हनलो... हळूच म्हंजे ओट्यावर, चार मानसं होती बसलेली. म्हनलो, तुझ्या बापानं गादीसंगं ढेकूण धाडले. ती म्हनली, मामा, पिठ्या ढेकूण येगळा, तो झाडावर असतोय. मला हसूच आलं. झाडावर ढेकूण काय करंल साहेब? झाडाला रगत असतंय का? म्हनलं, बापाची बाजू घेऊन राहिली. तिनं काय केलं — गादीची वळकटी बांधली, डोक्यावर घेतली, समद्या तांड्यादेखत पायी जवळा बाजार गाठला आन् बसली गाडीत. आमचं पोरगं, रणजीत, ते बी गेलं मागून. गादी उचलू लागतो म्हनला. अजून उचलूनच राहिला.

आन् गंमत सांगू का? बाजा धुतल्या, उशा फाडल्या, एक ढेकूण निघाला न्हाई! एक बी न्हाई! जमनाला, आमच्या मंडळीला, म्हनलो, बघ, समदे गादीत बसून साखऱ्याला गेले. ती तर सून गेल्यापून बोललीच न्हाई म्हना.

आहो, पेरूत काय भिंग लावून राहिले? घर तपासा, घर! ते पांढरं? ते पीठ हाय. जमना मुंग्यांना रोज चिमूटभर पीठ टाकती, पुन्याचं काम. वाऱ्यानं उडतं, पानावर बसतं. मुंग्या बी बघा कशा रांगंनं वर चढून राहिल्या. त्या सीताफळावर तर लईच पीठ हाय, कापसावानी. व्हय, चार दिसांत वाढलं जरा, बघनारं कोन न्हाई ना... द्या बरं ते भिंग. कुठं बघू? हां, दिसलं, पिठाचा दाना. मोठा दिसतो. साहेब... पीठ चालून राहिलं. ह्याला पाय हायत. आगं आई, किती पाय हायत ह्याला!

पीठ... पिठ्या...

आरारारा.

म्हंजे पोरगी खरं बोलत होती. आन् मी लेकराला चार मानसांत तिच्या बापावरून बोललो. लाज वाटून राहिली साहेब, खरंच. औषध हाय ना ह्याच्यावर? फवारलं आन् पुन्हा तपासलं तर भेटंल प्रमाणपत्र? लई उपकार! फवारा कशाचा, किती, ते दिपाच जाने. सही बी तिचीच. तुमीच लावा की फोन, सरकारी मानूस म्हनून उचलंल, माझा न्हाई उचलत ती. सांगा तिला, मामा चुकला म्हना. म्हना, ती गादी मामा सवता डोक्यावर घेऊन येतो, जवळा बाजारापून तांड्यापस्तोर, समद्यांदेखत! आता हे आपलं म्हनायची रीत असती साहेब, ह्या वयात मानेला तकलीफ व्हती, खरंच कोन आनून राहिलं गादी —

जमना? तू कवापून उभी हाईस दारात? समदं ऐकलंस? मंग बोल की काहीतरी. हातात काय हाय तुझ्या?

चुंबळ.

डोक्यावर ठेवाया. नवीन वळलीस व्हय, मऊ?

उठा साहेब. च्या पिऊ पुढच्या बारीला. मला साखऱ्याची गाडी गाठायची हाय.