कुंडावर राहिलेली चप्पल

आक्का : थांब. चप्पल म्हंजे काय म्हनलीस?

मृणाली : अहंकार. चिन्हमीमांसेत वस्तू नुसती वस्तू नसते, आक्का. बाबांच्या कथेतली बाई वज्रेश्वरीच्या कुंडापाशी एकच चप्पल सोडून जाते. म्हणजे अर्धा अहंकार गळला, अर्धा उरला.

आक्का : आन् कुंडातला गरम पानी?

मृणाली : तप. आत्मशुद्धी. उद्या एम.ए.च्या वर्गात हेच वाचायचंय. सायबर कॅफेत बसून टाइप केलं सगळं.

आक्का : अगो बाय, ती चप्पल माजी व्हती.

मृणाली : तुझी?

आक्का : सासरशी पलून आलती मी. चालून चालून पाय सुजलेले, म्हनून कुंडात सोडून बसली. तवर भिवंडीची एस्टी सुटली. मी धावली, एक चप्पल ऱ्हायली थंयच. तप न्हाय न् काय न्हाय.

मृणाली : गेला माझा निबंध.

आक्का : ऱ्हाऊ दे गो, मास्तरांना आवडंल. मना वाचता येत न्हाय, आन् माज्या भावानं जाईपर्यंत सांगितला न्हाय का माज्यावर लिवलाय. पुढं काय लिवलाय केसरीनाथानं?

मृणाली : ती माहेरी येते. भाऊ दार उघडतो, काही विचारत नाही. तिला पाटावर बसवून तिचे पाय धुतो. म्हणतो, आता इथंच राहा. मी लिहिलंय, हे पाय धुणं म्हणजे भक्तानं देवाची...

आक्का : असा लिवलाय?

मृणाली : हो. का गं?

आक्का : तसा झालाच न्हाय. दारातच उभी केली मना. लोक काय बोलतील म्हनाला. दुपारच्या गाडीनं परत नेऊन सोडली. मालक जाईपर्यंत सात वरसं काढली मी थंय.

मृणाली : बाबांनी सोडलं?

आक्का : वीस वर्साचा व्हता. घाबरला. मंग कंदी माज्याकडं बघून धड बोलला न्हाय. मना वाटं, राग हाय त्याला माजा.

(मृणाली निबंधाचे कागद बाजूला ठेवते, बाबांची कथा छापलेला जुना दिवाळी अंक उचलते.)

मृणाली : आक्का, पाय धुण्याचा अर्थ मी खोडते. चुकलाय.

आक्का : काय खोडायचा ते मागनं खोड. आदी तो पाय धुवायचा भाग मना वाचून दाव. तुजा नको, त्याचा. सावकाश वाच.