मांडीवरची पोट्टी

नाही साहेब, शेवाळ नाही ते, तेल आहे — खोबऱ्याचं. मीच लावते, दर शनिवारी. या दगडी मडमेच्या डोक्याले नाही, बाजूच्या पोराले नाही, नुसतं तिच्या मांडीवरच्या या पोट्टीले. काहून? लहान आहे म्हनून. घासता? घासा ना, निघत असंल तर! संगमरवर तेल पिते, मी राखेनं घासून पाह्यलं — कापसाच्या जिनिंग-कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाची बायको हे, अन् हे तिचे लेकरं. कॉलऱ्यानं एकाच आठवड्यात गेले म्हन्तात. त्यानं विलायतेहून दगड आनला, तिघाईचे चेहरे कोरून घेतले, नावं टाकले, अन् निघून गेला. पन जागा तर ठेवून गेला ना!

मी मैनाबाई, नांदगाव खंडेश्वरकडची. कुनब्याची बाई गोऱ्याईच्या कब्रस्तानात झाडू काहून मारते, सारेच इचारतात — पोटासाठी, अखिन काय! बरं, पोटासाठीच नाही... आमची जमुना गेली ना, चालती-बोलती पोरगी, गोवर निघाला अन् गेली. आमच्यात मोठं मानूस जाळतात, लेकरू पुरतात. दुपट्यात गुंडाळून बाप नेते, संगं दोन-चार मानसं, अन् मायनं उंबऱ्याभाईर पाय टाकाचा नाही. तिथं दगड नाही, निशानी नाही. मायनं जागा इचाराची नाही — इचारली तर पुढचं लेकरू जगत नाही म्हन्तात. मी नाही इचारली. पुढचं झालंच नाही, तरी नाही इचारली. लय शहानी होती मी!

मंग आमचे मालक अंथरुनाले खिळले, तवा हिंमत केली — म्हटलं, आता तरी सांगा, कुठं ठेवली? म्हने, मैना, नाल्याच्या काठाले होती, पन नाल्यानं वाट बदलली, मलेच आता सापडत नाही. अन् रडले बाप्पा, कधी न रडनारा मानूस! म्हंजे तेही शोधून राह्यले होते इतके वर्सं, मले न सांगता. ते गेल्यावर मी अमरावतीले आली, इथं कामाले लागली, अन् ही दिसली — आमच्या जमुनाचे केस असेच कपाळावर यायचे. दगड आहे, मले समजते, येडी नाही मी. पन कुठंतरी हात ठेवाले पायजे ना मानसाले.

हो, हो, लावा मोजाची टेप, मी धरते टोक. नागपूरच्या कब्रस्तानात नेता? अख्खं? अन् हाडं? — हाडं इथंच, दगड तिकडं. बरं. इथं पाहाले कोनी येत नाही म्हून? मी येते, पन मी कोन! नाही नाही, अडवत नाही मी. पोट्टी तेवढी वेगळी निघंल का? एकसंध दगड आहे, दिसते मले, उगाच इचारलं. मंग एवढं सांगा — तिकडं कुठं ठेवान? झाडाखाली, का भिंतीजवळ? मी काही येनार नाही पाहाले, नुसतं मनात असलेलं बरं —

तुमालेही ठाऊक नाही?

सोडते मी टोक. मोजा तुमचं तुमी.