विरजणाचं फडकं

बायाक्का : मग ह्या बाटलीत काय हाय? देवाच्या कोनाड्यात, तसबिरीच्या मागं दडवून ठेवलीयास ती.

भावकू : दडवलेली नाही, आक्का. औषध आहे. ठेव ती खाली.

बायाक्का : कशाचं औषध?

भावकू : पोटाचं. कँपातल्या डॉक्टरांनी दिलंय. विलायतेहून येतं.

बायाक्का : तुझ्या पोटाला काय झालंय? पाठचा भाऊ आजारी हाय आनि गुंजीला बहिणीला एक कार्ड टाकवत न्हाय. तुझी राजाबाई निपाणीला माहेरी जाऊन दोन म्हैनं झालं न्हवं? तवापास्नं खानावळीत जेवतोस. तोंड बघ आरशात, खारकेगत वाळलंय.

भावकू : खानावळीचंच असेल. काही पचत नाही. कचेरीत चार-चारदा उठावं लागतं. हेडक्लार्क घड्याळाकडं बघतात आणि बाकीचे माझ्याकडं. परवा साहेबांपुढं कागद घेऊन उभा होतो, आणि... जाऊ दे.

बायाक्का : सांग की रं. ल्हानपनी तुझं लुगड्याचं दुपटं कोन धूत हुतं?

भावकू : नाही सांगवत. घरी येऊन धोतर माझं मीच धुतलं, एवढंच समज.

बायाक्का : बरं. न्हाय इचारत. ह्या गोळ्यांनं तरी उतार पडतोय का? बघू एक.

भावकू : अगं चघळू नकोस. दुधाबरोबर घ्यायची असते.

बायाक्का : आंबट लागती की. दह्यागत.

भावकू : दहीच आहे ते.

बायाक्का : ह्ये? ही खडूची गोळी?

भावकू : दही वाळवून केलेली. डॉक्टर म्हणाले, दह्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. वाळवले तरी ते मरत नाहीत, निजून राहतात. पोटात गेले की जागे होतात आणि पोट ताळ्यावर आणतात. विलायतेत मोठमोठी माणसं रोज घेतात म्हणे.

बायाक्का : आनि हे सांगाय डाक्टर लागतोय व्हय? आईचं फडकं काय येगळं हुतं? मागावर इतभर कापड इनायचं, दह्यात बुडवायचं, सावलीत वाळवून ट्रंकंत ठेवायचं. म्हैन्यानं कोमट दुधात सोडलं की सकाळी दही. शहापुरातनं माझी पाठवणी झाली तवा माझ्या वटीत आईनं त्येच घातलं. आईच्या वटीत तिच्या आईनं घातलं हुतं. तुझ्या डाक्टरानं ते बाटलीत भरलं म्हनायचं.

भावकू : हो. तसंच काहीसं.

बायाक्का : त्यानं इचारलं न्हाय, घरात दही लावत न्हाईसा का म्हनून?

भावकू : विचारलं.

बायाक्का : मग?

भावकू : आमच्याकडं कुणी खात नाही, म्हणालो.

बायाक्का : ताकाबिगार घास उतरत न्हवता तुझा. असू दे, शिकलेल्या मानसाला हज्जार गोष्टी बोलाव्या लागतात. माझं काम सांगतो. सांजच्या गाडीनं परत जायचं हाय. आमच्या सोनीची पाठवणी चार दिसांवर आली. पोर कणकुंबीला चालली, रानात. तिच्या वटीत फडकं घालायचं, आनि माझं विरजण गेलं.

भावकू : गेलं म्हणजे?

बायाक्का : सरावणात तापानं हातरुणाला खिळलो. म्हैनाभर. सून बी फणफणलेली. मडक्याकडं बघाय कुणालाच सुद न्हवती, उठून बघितलं तर बुरशी. तिला काय बोलायचं? पन मी बिनघोर हुतो बघ. म्हटलं, आषाढात आमच्या गावच्या रवळूच्या हातानं भावकूला एक फडकं धाडलंय. आई जाऊन दोन वर्सं झाली, तिचं मडकं बी फुटलं. म्हनूनच धाडलं हुतं. दोन घरांत असलं म्हंजे एका घरातनं गेलं तरी दुसऱ्यात ऱ्हातंय. तर तेवढं वाटीभर दही दे मला.

भावकू : दही नाही, आक्का.

बायाक्का : राजाबाई न्हाय म्हटल्यावर दही कुठलं असनार. फडकंच दे.

भावकू : ते... मला वाटलं, खळीचं फडकं आहे. कडक होतं ना. मागावरचा एखादा तुकडा धाडला असशील, असं वाटलं.

बायाक्का : मग काय केलंस त्येचं?

भावकू : सायकल पुसली.

बायाक्का : काय पुसली?

भावकू : सायकल.

बायाक्का : हिकडं बघ. खाली नको बघू, माझ्याकडं बघ. तू खळीच्या वासात जल्मलास. आई सुताला खळ लावायची आनि तू त्या भांड्यात कोपरापतुर हात घालून बसायचास. खळ कुठली आनि दही कुठलं, हे तुला नाकाला कळलं न्हाय?

भावकू : कडक होतं...

बायाक्का : भावकू.

भावकू : कळलं हुतं.

बायाक्का : आं?

भावकू : कळलं हुतं, आक्का. रवळू आला तवा हेडक्लार्क हितं ओसरीवर बसलं हुतं. आनखी दोघं हुते. पहिल्यांदाच आलती ती मानसं माझ्या घरी. चा चालला हुता, शेजारनं मागून आनलेल्या कपांतनं. रवळूनं त्यांच्यासमोरच पुरचुंडी सोडली. आंबूस वास सुटला. हेडक्लार्क नाकाला उपरणं लावून म्हनालं, काय हो, बहिणीनं काय पाठवलंय गावाकडनं? मला आईचा वास आला गं. आनि तोंडातनं काय निघालं, तर खळीचं फडकं हाय, सायकल पुसाय धाडलंय. ते हसलं. म्हनालं, मग पुसा की. मी उठलो आनि पुसली. साखळीचं काळं तेल बी त्यालाच पुसलं. रवळू बघत हुता.

बायाक्का : मला बोलला न्हाय त्यो.

भावकू : कसा बोलंल? त्यालाच माझी लाज वाटली असंल. ते लोक गेल्यावर फडकं सोड्यानं धुतलं, दुधात घालून बघितलं. दूध नासलं नुसतं. वर तेलाचा तवंग. मग पोट बिघडलं तवा वाटलं, हेच पायजे हुतं मला. आनि डाक्टरानं बाटली हातात ठेवून सांगितलं, हे वाळवलेलं दही हाय, तवा मला त्या खुर्चीत बसवंना. रोज गोळी तोंडात टाकतो आनि रोज ती सायकल डोळ्यासमोर येती. म्हनून बाटली देवामागं. माझ्याच नजरंला नको म्हनून.

बायाक्का : मला राग बी येत न्हाय बघ. रडू येतंय, पन रडाय येळ न्हाय. पोर रिकाम्या वटीनं जाती माझी.

भावकू : ह्या गोळ्या घेऊन जा. दुधात घातल्या तर दही लागंल.

बायाक्का : लागंल. पन कुणाचं म्हनून सांगू सोनीला?

भावकू : आक्का, मी...

बायाक्का : गप. इचार करू दे मला. आई साऱ्या बोळात विरजण द्यायची. कुणाच्या तरी घरात असंल अजून. समोरच्या मागावरल्या अंबुबाईला ठाऊक असंल. ऊठ, शहापुराला चल.

भावकू : तू जा.

बायाक्का : तू चल म्हटलं.

भावकू : तिच्यासमोर मी कुठलं तोंड घेऊन उभं ऱ्हाऊ? आईचं मडकं फुटलं म्हनून तुला सांगितलं ते खोटं. फुटलं न्हाय, मी फोडलं. तेराव्यानंतर माग मोडला, भांडी काढली, तवा अंबूमावशी आलती. रुक्माक्काचं दह्याचं मडकं तेवढं मला दे म्हनाली. नवं घर घेतलं हुतं मी हितं, इंग्रजी हद्दीत. तिकडचं काय बी नको झालतं. वास मारतंय म्हटलं, आनि गटारीच्या काठावर आपटलं. तिच्या देखत. तवापास्नं तिकडं, सांगलीकरांच्या संस्थानी हद्दीत, पाय ठेवला न्हाय. शहापुरात कुनी मेलं तर मातीला बी गेलो न्हाय.

बायाक्का : दोन्ही ठिकानचं तूच घालवलंस म्हन की.

भावकू : व्हय.

बायाक्का : मग मागायचं बी तूच. वाटी घे. सायकल ऱ्हाऊ दे, पायी चल. दिवा लागायच्या आत पोचाय पायजे, दिवेलागणीनंतर विरजण कोन देत न्हाय. मी बोळाच्या तोंडाला थांबतो.

भावकू : मी काय म्हनू तिला?

बायाक्का : बोळात मागत्यात तसं माग. का ते बी इसरलास?

(शहापूर. विणकरांचा बोळ. अंबुबाईच्या दारात भावकू रिकामी वाटी घेऊन उभा आहे.)

अंबुबाई : कोन हाय? उजेडात उभं ऱ्हा. डोळं गेलं माझं सूत जोडून जोडून.

भावकू : मी, भावकू. रुक्माबाईचा.

अंबुबाई : रुक्माक्काचा भावकू कारकून हाय. त्यो ह्या बोळात येत न्हाय.

भावकू : आलोय, अंबूमावशी.

अंबुबाई : बरं. काय पायजे?

भावकू : विरजण.

अंबुबाई : कुणाचं?

भावकू : कुणाचं म्हंजे...

अंबुबाई : नाव घेऊन मागायचं असतंय. माझ्या घरात दोन मडकी हायत. एक माझ्या सासूचं. दुसरं कुणाचं, ते मागनाऱ्यानं सांगायचं.

भावकू : रुक्माक्काचं. माझ्या आईचं.

अंबुबाई : तिचं मडकं तर फुटलं.

भावकू : मी फोडलं, मावशी. तुझ्या देखत. बहिणीनं फडकं धाडलं हुतं, त्यानं चार लोकांत सायकल पुसली. लाज वाटली मला आईच्या वासाची. आता आक्काची पोर सासरला निघालीया आनि आमच्या दोन घरांत मिळून आईचं काय बी उरलं न्हाय. तू हाकललंस तरी मी जाईन. पन वाटी भर, पोरीसाठी.

अंबुबाई : तू मडकं आपटून तरातरा निघून गेलास. मागं वळून बघितलं न्हाईस. बुडाचं खापर उताणं पडलं हुतं. त्येला बोटभर दही चिकटलेलं. मी उचललं. बाया हसल्या मला, गटारीवरनं उचलती म्हनून. हसू देत म्हटलं. चाळीस वर्सं त्या बाईच्या समोर बसून मागावर धोटा टाकला मी.

भावकू : त्यातनं लागलं?

अंबुबाई : पहिल्या दिवशी न्हाय लागलं. दुसऱ्या दिवशी पातळ लागलं. चौथ्या दिवशी झाकण काढलं आनि वास आला. म्हटलं, आली बाई. तवापास्नं रोज लावते. वाटी धर नीट. रडायचं नंतर.

भावकू : हं.

अंबुबाई : दूध बोटाला सोसंल इतकंच कोमट पायजे. एक दिवस बी चुकवायचं न्हाय, परगावी गेलास तर फडकं करून ठेवायचं. तुझ्या पोटाला बी दोन चमचं ऱ्हाऊ देत. बोळाच्या तोंडाला बायाक्का उभी हाय, तिनं मघाशी पोराकडनं सांगावा धाडला तुझ्या पोटाचा.

भावकू : ती आधीच बोलली तुझ्याशी?

अंबुबाई : विरजण हाय का न्हाय, त्याच पोराकडनं इचारून घेतलं तिनं. मागाय मात्र तुलाच धाडते म्हनाली. माझं वय झालंय, भावकू. पुढच्या बारीला ह्या दारात कोन असंल ठाऊक न्हाय.

भावकू : रोज लावीन, मावशी.

अंबुबाई : लाव. आनि वाटी उपरण्याखाली धर. खडेबाजारात तुझ्या कचेरीची मानसं भेटतील ह्या वक्ताला.

भावकू : भेटू देत.

अंबुबाई : इचारतील की.

भावकू : आईचं दही हाय म्हनून सांगीन.

अंबुबाई : बरं. तरी बी झाक. धूळ उडतीया.