आईच्या फ्रिजरमधली परीक्षा

हसा लेकहो, पण माह्या रबराची खरी परीक्षा लॅबमधे नाही, मोताळ्याले आमच्या घरी झाली.

आई नेहमी विचारे, "तू तिथं करतं तरी काय?" या दिवाळीत तिले नमुन्याची एक रिंगच दाखवली. म्हटलं, "सिलिकॉनमधे आम्ही फेनिल सिलेन नावाचं रसायन टाकतो, मंग ते कडाक्याच्या थंडीतही नरम राह्यते."

कुकरची रिंग ढिली झाली की फ्रिजरमधे ठेवायची आईची जुनी सवय. तिनं कुकरची काळी रिंग अन् माही रिंग, दोन्ही आत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कमलबाईले बोलावलं.

"ही दाबून पाहा, कशी टणक झाली. आता ही पाहा, माह्या लेकाची!"

गल्लीतल्या साऱ्या बायांनी दाबून पाह्यली. आई मले म्हणे, "लय चांगलं काम करतं रे तू." लॅबमधल्या दोन वर्षांत साहेबानं असं एकदाही म्हटलं नव्हतं.

आता खरं सांगतो. घरच्या फ्रिजरमधे साधं सिलिकॉनही नरमच राह्यते. आमच्या फेनिलचा कस लागते तो उणे पन्नास अंशाच्याही खाली.

ती रिंग अजून फ्रिजरमधेच आहे, पाहुणा आला की बाहेर निघते. तुम्ही घरी आले तर दाबून पाहा, वा म्हणा, अन् गुमान चहा प्या.