जाळीला काच

इंजिनिअर : मिस्त्रींनी काचा तात्पुरत्या लावून दाखवल्यात, सही तेवढी राहिलीये, मॅडम. आर्किटेक्ट तुम्ही, जाळीला काच नकाशात तुम्हीच दाखवलीत. आता का अडून बसलात?

आर्किटेक्ट : दाखवली खरी. तेव्हा माझं बाळ या पाळणाघरात नव्हतं.

मॅनेजर : म्हणजे घरचं कारण.

आर्किटेक्ट : घरचंच म्हणा. पलीकडे मुलं, अलीकडे भाजीचे गाळे, मधे ही दगडी जाळी. मूल रडलं की इकडे ऐकू येतं, आणि आपलं कोणतं ते आईला बरोबर कळतं. ती तराजू ठेवून उठते. मंडई बांधली तेव्हापासून असंच चालत आलंय.

मॅनेजर : संध्याकाळी इथे आमच्या कंपनीचे कार्यक्रम होणार. भाषण चालू असताना रडारड कशी चालेल? पालिकेशी करार करतानाच ठरलंय, काच नाही तर छपराचं काम आम्ही थांबवणार.

इंजिनिअर : इमारत आमची, पालिकेची; पैसा यांचा. आमच्या भरवशावर राहिलात तर वर ताडपत्रीच. मी रिटायर होईन, ताडपत्री नाही होणार.

आर्किटेक्ट : छप्पर मलाही हवंय, साहेब. पाऊस आला की पहिली बादली माझ्याच बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवतात. पण छप्पर घालून आपण वाचवतोय ते काय, नुसता दगड?

मॅनेजर : काचेनं बिघडलं काय? आरपार दिसतंय की सगळं.

आर्किटेक्ट : मग बघा ना. कोपऱ्यात, निळं टोपडं. तो माझा. काय करतोय?

मॅनेजर : तोंड उघडलंय मोठं. हसतोय... बहुतेक.

आर्किटेक्ट : मी आई आहे त्याची. मलाही कळत नाहीये.



इंजिनिअर : मिस्त्री, ती खालची एक काच काढा जरा. सावकाश.

आर्किटेक्ट : रडतोय.

मॅनेजर : कधीपासून?

आर्किटेक्ट : तेच तर कळलं नाही.

मॅनेजर : ...बाकीच्या काचा आज पक्क्या नका करू, मिस्त्री. मी वर बोलून बघतो. हो म्हणतील असं नाही.

इंजिनिअर : आणि नाही म्हणाले तर छप्पर गेलं, साहेब.

मॅनेजर : माहीत आहे.

आर्किटेक्ट : मग सहीचं काय करू मी?

मॅनेजर : ते राहू द्या. आधी त्याला घ्या, मॅडम. इथपर्यंत येतोय आवाज.